क्ष⁴ + १ चे अवयव

क्ष² + ५क्ष + ६ या वर्गत्रिपदीचे अवयव पाडताना मधल्या पदाची फोड करतात: ज्यांचा गुणाकार ६ आणि बेरीज ५ येते अशा २ आणि ३ या संख्या सापडल्या, की (क्ष + २)(क्ष + ३) हे उत्तर मिळते. क्ष⁴ + १ मध्ये मात्र फोडायला मधले पदच नाही, आणि वर्गांतराचे सूत्र लावावे, तर दोन पदांमध्ये अधिक चिन्ह आहे.

या राशीने जर्मन गणितज्ञ लायब्निट्स यांनाही चकवले. ती छेदात असलेल्या अपूर्णांकाचे समाकलन करायचे, तर आधी छेदाचे अवयव हवेत. आणि १७०२ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले, की क्ष⁴ + अ⁴ चे वास्तव सहगुणक असलेले अवयव पडू शकत नाहीत. उणे एकच्या वर्गमुळाचा आधार घेऊन त्यांनी राशीचे दोन भाग केले, पुढे त्या काल्पनिक संख्येचेही वर्गमूळ काढावे लागले, आणि तिथून वास्तव संख्यांकडे येणारी वाट त्यांना दिसली नाही.

वाट तशी सोपी आहे. राशीत २क्ष² मिळवावे आणि लगेच वजाही करावे. किंमत तीच राहते, पण रूप (क्ष² + १)² − (√२क्ष)² असे होते. आता हे सरळ वर्गांतर आहे, म्हणून अवयव पडतात (क्ष² + √२क्ष + १) आणि (क्ष² − √२क्ष + १). केवळ परिमेय (दोन पूर्ण संख्यांच्या अपूर्णांकात लिहिता येणारे) सहगुणक चालतील अशी अट घातली, तर मात्र हे अवयव खरोखरच पडत नाहीत. तेव्हा कोणत्या संख्या चालतील हे न सांगता 'अवयव पडत नाहीत' असा शेरा मारणे अपुरेच.

पुढे गणितज्ञ निकोलाउस बर्नूली यांनी वास्तव अवयव न पडणारी म्हणून क्ष⁴ − ४क्ष³ + २क्ष² + ४क्ष + ४ ही राशी पुढे केली. १७४२ च्या पत्रव्यवहारात ऑयलर यांनी तिचेही वास्तव अवयव दाखवले, अर्थात वर्गमुळाच्या आत वर्गमूळ घेऊन. वास्तव सहगुणकांच्या प्रत्येक बहुपदीचे एकघाती आणि द्विघाती अवयव पडतात, याची सिद्धता गाउस यांनी १७९९ च्या प्रबंधात मांडली.

१ च्या जागी ४ घेतल्यास √२ देखील उरत नाही. क्ष⁴ + ४ मध्ये ४क्ष² मिळवून वजा केले, की (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २) मिळते. क्ष = १० घेतल्यास १०००४ म्हणजे १२२ × ८२. क्ष ही १ पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या असली, तरी दोन्ही कंस १ पेक्षा मोठे राहतात, म्हणून क्ष⁴ + ४ ही तिथे कधीही मूळ संख्या असत नाही.