उशीर हीच कपात

मित्रहो, आपल्यापैकी नोकरदारांच्या पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर म्हणून कापलेले दिसतात. 1975 साली हा कर आला तो रोजगार हमीसाठी. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून जगलेल्या महाराष्ट्राला विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना दिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरीचा भार उचलायचा आणि जितका कर जमेल तितकीच भर सरकारने घालायची, हा करार मला आजही अभिमानाचा वाटतो. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याचे, म्हणजे मनरेगाचे, मूळही याच मातीत आहे.

आजचा विषय रोजगार योजनांच्या निधीकपातीचा आहे. कपात म्हटली की आपण अर्थसंकल्पातला आकडा शोधतो; माझे म्हणणे असे आहे की ती त्याआधी मजुराच्या पासबुकात होते.

काही वर्षांपूर्वी एका डोंगरउतारावर रोजगार हमीतून सलग समतल चरांचे, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणायच्या चरांचे, काम सुरू असताना मी तिथे जात असे. तिथल्या एक बाई जॉबकार्ड आणि पासबुक एकाच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचून ठेवत. मस्टर, म्हणजे हजेरीपट, बंद झाले, चरांची मापे पुस्तिकेत चढली, तरी मजुरी जमा होईना. मी त्यांच्याबरोबर तीनदा बँकेत गेलो. तिन्ही वेळा पासबुक यंत्रातून जसे गेले तसेच बाहेर आले, आणि प्रत्येक खेपेला बाईंचा एक रोज बुडाला. कायद्याने मजुरी पंधरा दिवसांत मिळायला हवी होती. त्यापुढच्या विलंबाची भरपाई दिवसाला 0.05 टक्के, म्हणजे हजार रुपये अडकले तर रोजचे 50 पैसे. विचारावे तिथे उत्तर एकच, "वरून निधी आलेला नाही." तरीही बाईंनी पुन्हा काम मागितले, तेव्हा त्यांना नंतर या म्हणून सांगण्यात आले. दसऱ्यानंतर त्या मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेल्या. मी तालुक्याच्या कार्यालयाला पत्र लिहिले. बऱ्याच दिवसांनी उत्तर आले की सदर गावात सध्या कामाची मागणी नाही.

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही, कारण ते कागदोपत्री खरे होते. मजुरी थकते, माणूस निघून जातो, नोंदवहीत मागणी घटते, आणि घटलेल्या मागणीच्या आधारावर पुढच्या वर्षीची तरतूद कमी धरता येते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यापुढे आली आहे, तेव्हा आकडेवारीचा भाग थोडक्यात सांगतो. 2020-21 मध्ये केंद्राच्या मनरेगा योजनेची मूळ तरतूद 61,500 कोटी होती. टाळेबंदीत लोक गावी परतले आणि सुधारित अंदाज 1,11,500 कोटींवर गेला. 2022-23 चा सुधारित अंदाज 89,400 कोटी असताना 2023-24 साठी 60,000 कोटीच धरले गेले, आणि वर्षअखेरीस तेच 86,000 कोटी करावे लागले. पैसा शेवटी द्यावाच लागला. पण तो येईपर्यंतच्या महिन्यांत किती जणांनी गाव सोडले असेल, हे या आकड्यांत दिसत नाही. शिवाय नव्या तरतुदीतून आधी मागच्या वर्षीची देणी भागतात. म्हणून थकबाकी वेगळी काढून मगच नव्या वर्षाचा आकडा ठरवावा, अशी माझी मागणी आहे. कौशल्य प्रशिक्षणातही हीच साखळी चालते: हप्ता लांबला की शिकवणारा जातो, मुले गळतात आणि अहवालात "प्रतिसाद नाही" असे लिहिले जाते. त्याविषयी सविस्तर बोलायला आता वेळ नाही.

आपल्यापैकी जे गावांत काम करतात त्यांनी मागणी अर्जाची तारखेसह पोचपावती प्रत्येक मजुराच्या हाती पडेल एवढे पाहावे. काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता त्या तारखेवरून मोजला जातो. त्या बाईंनी दुसऱ्यांदा काम मागितले ते तोंडी होते. त्यांच्या पिशवीत असा कागद नव्हता.