‘कामावर रुजू’ या नोंदीनंतर

कामावर अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, किती दिवस बुडाले? त्या दिवसांना रोजंदारीने गुणायचं, औषधपाण्याचा खर्च मिळवायचा, की झाला नुकसानीचा हिशेब. माझी तक्रार या हिशेबाबद्दलच आहे. खरं नुकसान माणूस कामावर परतल्यानंतर सुरू होतं.

समजा, पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवरच्या कामगाराची उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट डायखाली, म्हणजे साच्याखाली सापडलं. टाके निघाले, जखम भरली, डॉक्टरांनी दाखला दिला, हजेरीपटावर ‘रुजू’ अशी नोंद झाली. फाइल बंद! आता त्याचा हात बघा. पत्रा उचलायला चिमूट लागते, ती जुळत नाही. अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत तो पत्रा धरतो, निसटला की पुन्हा धरतो. दर नगाला थोडा जास्त वेळ. नगावर मजुरी असेल तर कमाई तिथेच घटली. महिन्याचा पगार असेल तर ‘हलकं काम’ म्हणून त्याला स्टोअरमध्ये बसवतात. मूळ पगार तोच राहतो, पण ओव्हरटाइम जातो, मशीनवरचा भत्ता जातो, बढतीसाठी नाव मागे पडतं. आणि कपातीची यादी निघाली की तेच नाव वर येतं. यातली एकही गोष्ट त्या बंद फाइलमध्ये नसते.

मग हे मोजायचं कसं? अपघाताआधीचा आणि नंतरचा पगार नुसता ताडून पाहिला तर फसगत होते, कारण अपघात झाला नसता तर त्याचा पगार वाढलाच असता. म्हणून अभ्यासक त्याच कारखान्यातले, साधारण तेवढंच कमावणारे, इजा न झालेले सहकारी शोधतात आणि दोघांची कमाई वर्षानुवर्षं शेजारी ठेवतात. रँड या अमेरिकी संस्थेने १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या कायमचं अंशतः अपंगत्व आलेल्या कामगारांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघाताला चार-पाच वर्षं होऊनही दोघांच्या कमाईतली दरी बुजलेली नव्हती. मला ही पद्धत फार न्याय्य वाटते. या माणसाचं आयुष्य एरवी कसं गेलं असतं, हे ती विचारते.

कायद्याने हा प्रश्न फारसा विचारलेला नाही. जर्मनीने १८८४ साली अपघात विमा आणला, ब्रिटनने १८९७ साली भरपाईचा कायदा केला. चूक मालकाची होती हे सिद्ध करण्याचं ओझं कामगाराच्या डोक्यावरून उतरलं, ही मोठीच गोष्ट झाली. बदल्यात रकमेला मर्यादा आली. ब्रिटनमध्ये आठवड्याच्या कमाईच्या जास्तीत जास्त निम्मी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६४ सालच्या १२१ क्रमांकाच्या करारातही काम पूर्ण थांबलेल्या, बायको आणि दोन मुलं असलेल्या कामगारासाठी कमाईच्या किमान ६० टक्के धरले आहेत. उरलेले ४० घर सोसतं. शिवाय अनेक कायद्यांत अवयवानुसार टक्केवारीचे तक्ते असतात. तर्जनीला अमुक टक्के, मग ते बोट सोनाराचं असो की रखवालदाराचं. तुटलेल्या बोटाला आकडा मिळतो, त्या बोटातल्या कसबाला मिळत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. भरपाई ठरवून फाइल मिटवू नका. वर्षाने, तीन वर्षांनी, पाच वर्षांनी ती उघडा. त्याचं पगारपत्रक आणि शेजारच्या प्रेसवरच्या सोबत्याचं पगारपत्रक एकमेकांशेजारी ठेवा, आणि जो फरक दिसेल तो भरून द्या.