एलिझाबेथ कोणाची?

१६२० सालचा अटलांटिक महासागर. १०२ प्रवाशांना घेऊन इंग्लंडहून अमेरिकेला निघालेलं मेफ्लॉवर जहाज वादळात सापडलंय. जॉन हाउलंड नावाचा एक तरुण चाकर डेकवर येतो आणि थेट समुद्रात फेकला जातो. शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत असतो, तो त्याच्या हाती लागतो. गटांगळ्या खातो, पण दोर सोडत नाही. शेवटी त्याला वर ओढून घेतात.

पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष याच चाकराच्या वंशात जन्मले!

आता त्याच्या बायकोकडे वळू. एलिझाबेथ ही या प्रवाशांनी अमेरिकेत वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची लेक, असं हाउलंड घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. कोणी म्हणे लेक नव्हे, नात. मोठ्या घरची सोयरीक कोणाला नको असते?

मग १८५५ मध्ये लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयात एक हरवलेलं हस्तलिखित ओळखू आलं. प्लिमथचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. त्यात जहाजावरच्या माणसांची कुटुंबवार यादी आहे. जॉन टिली, त्यांची बायको आणि मुलगी एलिझाबेथ. किनाऱ्याला लागल्यावर थोड्याच दिवसांत आईबाप दोघंही गेले. त्याच एलिझाबेथशी हाउलंडने लग्न केलं. मुलं दहा, सगळी हयात. हे ब्रॅडफर्डच लिहितात. इंग्लंडात बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावच्या चर्चमध्ये तिच्या बाप्तिस्म्याची नोंद १६०७ ची. म्हणजे पोरकी झाली तेव्हा पोर जेमतेम तेरा वर्षांची.

गव्हर्नरसाहेब वंशावळीतून गेले. खरं तर बरंच झालं.

आज आपलं घराणं इथवर नेऊन भिडवायचं, तर सुरुवात स्वतःच्या जन्मदाखल्यापासून. मग एकेक पिढी मागे. मेफ्लॉवरच्या वंशजांच्या संस्थेने पहिल्या पाच पिढ्या छापून ठेवल्यात, तिथे फारसा त्रास नाही. गाडी अडते ती मधेच. १८५० च्या आधीच्या अमेरिकी जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायको, मुलं म्हणजे नुसते आकडे. त्यात लग्नानंतर बाईचं आडनाव बदललं की माहेरचा माग पुसट होतो.

म्हणून शोधणारे मृत्युपत्रांवर तुटून पडतात. एलिझाबेथचं मृत्युपत्र १६८६ चं आहे. थोरल्या जॉनला पाच पौंड, बायबलचा इंग्रजी अनुवादक टिंडेल याच्या लेखनाचा ग्रंथ आणि चादरींची जोडी. आणि लेकींची नावं सासरच्या आडनावांसकट: लिडिया ब्राउन, एलिझाबेथ डिकिन्सन, हॅना बॉसवर्थ.