अरुंधतीच्या शेजारी

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न वैशाखात झालं, गावाकडे. रात्री गुरुजी नवरानवरीला घेऊन मांडवाबाहेर आले आणि उत्तरेकडे बोट करून म्हणाले, "ते सात तारे दिसतात ना, पतंगासारखे? त्यांच्या शेपटीतला मधला धर. तो वसिष्ठ. आता त्याला अगदी खेटून बघ." ताई बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दिसली." मी तिच्या शेजारीच उभा होतो, मलाही दिसली. वसिष्ठाच्या कुशीत टाचणीच्या टोकाएवढी अरुंधती. या दाखवण्याच्या रीतीला आपल्याकडे नावच आहे, स्थूलारुंधती न्याय. बारीक तारा एकदम सापडत नाही, म्हणून आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा आणि नजर तिथं टेकली की हळूच बाजूला सरकवायची.

आज ज्या जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टूनपटाच्या, मालिकेबद्दल बोलायचंय, तिच्यातही अरुंधती आहे. मात्र तिथं तिचं नाव आहे मरणसूचक तारा. ज्याला ती दिसली, त्याचं वर्षभरात मरण ठरलेलं.

मालिकेचं नाव 'होकुतो नो केन'. होकुतो म्हणजे उत्तरेची पळी, म्हणजेच आपले सप्तर्षी. केन म्हणजे मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्धाची विद्याही. जपानच्या फुजी टीव्हीवर ११ ऑक्टोबर १९८४ ला ती सुरू झाली. पहिल्या मालिकेचे १०९ भाग झाले आणि तिला जोडून आलेल्या दुसऱ्या मालिकेचे ४३. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना काय आठवतं, ते मला ठाऊक आहे. छातीवर सप्तर्षींच्या आकाराचे सात व्रण असलेला केनशिरो येतो, आडदांड गुंडाच्या अंगावर बोटांनी टकटक करतो आणि पाठ फिरवून शांतपणे सांगतो की तू केव्हाच मेलेला आहेस. गुंड हसतो. दोन क्षणांनी त्याचं डोकं फुटतं.

मी पहिल्यांदा पाहिली ती पुण्यात, हॉस्टेलवर, कुणीतरी कॉपी करून आणलेल्या सीडींवर. एका कॉम्प्युटरपुढे आम्ही आठजण. प्रत्येक डोकं फुटलं की खोलीत आरडाओरडा. त्या वयात तेवढंच दिसलं. गेल्या पावसाळ्यात, चाळिशी उलटल्यावर, पहिले १०९ भाग मी पुन्हा ओळीनं पाहिले. रोज रात्री जेवण झाल्यावर एक किंवा दोन. आणि नजर बाजूला सरकली.

कथेची सुरुवात एकोणीसशे नव्व्याण्णवच्या आसपास कुठंतरी आहे. शेवटचा आकडा मुद्दाम मोकळा सोडलाय. अणुयुद्ध होऊन गेलंय, समुद्र आटलेत, जमीन फाटलीय आणि तरीही माणूस उरलाय. अगदी आरंभी मोटारसायकलवरचे दरोडेखोर काही माणसांना गाठतात. त्यांना पाणी आणि अन्न हवं असतं. एका मेलेल्याच्या सामानात नोटांची पुडकी सापडतात, तर ती ते वाऱ्यावर भिरकावून देतात, पुसायच्या कामाचीसुद्धा राहिली नाहीत म्हणत. इतकं साधं दृश्य, पण जग संपलं म्हणजे नेमकं काय झालं ते त्यात अर्ध्या मिनिटात कळतं.

या कथेचा काळही बघा. मूळ मंगा, म्हणजे चित्रकथा, 'शोनेन जंप' साप्ताहिकात सप्टेंबर १९८३ मध्ये सुरू झाली. लेखक बुरोनसन, चित्रकार तेत्सुओ हारा. हारा तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे. त्याच महिन्याच्या १ तारखेला जपानच्या उत्तरेला, साखालीनजवळ, सोव्हिएत लढाऊ विमानानं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं. २६९ माणसं गेली, त्यांत जपानी प्रवासीही होते. आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला मॉस्कोजवळच्या एका तळावर स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाच्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर अमेरिकेची क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा झळकला. यंत्र चुकतंय असं त्यानं ठरवलं, म्हणून पुढचं टळलं. जगाला हे कळायला बरीच वर्षं गेली. तेव्हा जपानी पोरं दर आठवड्याला जी राखरांगोळी झालेली दुनिया वाचत होती, ती फार दूरची नव्हती. स्वतः बुरोनसन तरुणपणी जपानच्या हवाई दलात रडारचं काम केलेले गृहस्थ. लाखो माणसं मारणाऱ्या पोल पॉटच्या राजवटीनंतरचा कंबोडिया त्यांनी पाहिला होता आणि तो या कथेत उतरला, असं त्यांनी सांगितलंय.

केनशिरोची विद्या होकुतो शिनकेन. माणसाच्या शरीरात ७०८ गुप्त बिंदू आहेत आणि ते दाबले की शरीर आतून मोडतं. आपल्याकडे सुश्रुतानं १०७ मर्मं सांगितली आहेत, म्हणून ही कल्पना आपल्याला परकी वाटत नाही. या विद्येच्या समोर उभी आहे नान्तो, म्हणजे दक्षिणेची पळी. धनु राशीतल्या सहा ताऱ्यांचा हा आकार. नान्तोचे लढवय्ये बाहेरून चिरतात, कापतात. चिनी-जपानी परंपरेत दक्षिणेची पळी जन्माची नोंद ठेवते आणि उत्तरेची मरणाची. म्हणजे कथानायकाच्या पाठीशी जो तारकापुंज आहे, तो मृत्यूचा आहे. ज्याच्या हातात मरण दिलंय, तो त्या हातांनी काय करतो? मला आता वाटतं, सगळी मालिका या एका प्रश्नाभोवती फिरते.

पहिल्याच भागात तो काय करतो सांगतो. तहानेनं कोसळलेला केनशिरो एका वस्तीत पिंजऱ्यात कोंडलेला आहे. लिन नावाची लहान मुलगी चोरून त्याला पाणी आणून देते. आईबाप डोळ्यांदेखत मारले गेल्यापासून तिची वाचा गेलेली. केनशिरो गजांतून हात बाहेर काढतो आणि तिच्या गळ्याजवळचा बिंदू दाबतो. म्हणजे प्रेक्षकाला ही विद्या पहिल्यांदा दिसते ती एका पोरीला बोलतं करताना. डोकं फुटतं ते नंतर. हॉस्टेलवर आम्हा आठांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

आता ज्या प्रसंगासाठी मी ही मालिका जन्मभर जवळ ठेवीन, तो सांगतो. एका म्हाताऱ्याला केनशिरो गुंडांच्या तावडीतून सोडवतो. म्हाताऱ्यानं छातीशी एक लहानशी पिशवी गच्च धरलेली. आत भाताचं बियाणं. त्याच्या गावात खायला काही उरलेलं नाही. हे धान्य शिजवलं तर चार दिवस निघतील. पण तो म्हणतो, पेरलं तर पुढच्या वर्षी तांदूळ होईल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी, आणि मग अन्नासाठी कुणी कुणाला मारणार नाही. आजच्यापेक्षा त्याला उद्याचं पडलंय. त्याचं बोलणं ऐकून केनशिरो म्हणतो की फार दिवसांनी माणूस भेटल्यासारखं वाटलं. पुढं गुंड म्हाताऱ्याला मारतात, केनशिरो वेळेवर पोचत नाही. तो त्याला पुरतो आणि ते बियाणं त्याच्या थडग्यावर पसरतो. बरोबरचा पोरगा म्हणतो, अशा जागी हे कसं उगवणार? केनशिरो म्हणतो, उगवेल, कारण खाली तो म्हातारा झोपलाय.

हे पाहताना मी थांबवलं आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझी आजी मराठवाड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात घरातली माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जायची, सुकडीवर दिवस काढायची. आणि उतरंडीच्या तळाला राखेत घोळलेल्या ज्वारीचं गाडगं होतं, तोंड शेणानं लिंपलेलं. बियाण्याचं. त्याला हात लावायचा नाही, पोरं रडली तरी नाही. आजी हे सांगायची तेव्हा तिचा आवाज अजिबात बदलायचा नाही. ती पिशवी छातीशी धरलेला म्हातारा मला जपानी वाटलाच नाही.

मालिकेत दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. शिन हा पहिला मोठा शत्रू मंगामध्ये लवकर संपतो, टीव्हीवर मात्र त्याच्यापर्यंत पोचायला बावीस भाग लागतात. त्यात पाणी बरंच घातलंय, तीच तीच चित्रं पुन्हा वापरली आहेत. दिग्दर्शक तोयो आशिदा यांची खरी कसोटी वेगळीच होती. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, घरोघरी जेवणं चालू असताना, हे दाखवायचं कसं? त्यांनी फुटणारी शरीरं काळ्या सावल्यांत आणि पांढऱ्या प्रकाशात बदलून टाकली. मंगातला किळसवाणा तपशील गेला आणि त्या जागी सावलीच्या खेळासारखं काहीतरी आलं. मला ते जास्त आवडतं. फ्रान्समध्ये मात्र डबिंग करणाऱ्या कलावंतांना ही हिंसा पोरांसमोर नको होती, म्हणून त्यांनी संवादांत कोट्या घुसडल्या. फ्रेंचमध्ये सुरीला 'कुतो' म्हणतात, तर 'होकुतो' चं त्यांनी स्वयंपाकाची सुरी करून टाकलं! त्यांची अडचण मला कळते. पण रडण्याच्या जागा त्या कोट्यांत बुडाल्या, याचं वाईट वाटतं.

आवाजांबद्दल तर बोललंच पाहिजे, आपण रेडिओवर आहोत. केनशिरोला आकिरा कामिया यांचा आवाज आहे. एरवी जड, जवळजवळ झोपाळू आणि मारताना अचानक चिरकत जाणारी 'आतातातातता' अशी ब्रूस लीच्या वळणाची किंकाळी. शिगेरू चिबा हे निवेदक. तेच कित्येक गुंडांचे आवाजही काढतात, मरताना निघणारे विचित्र हुंकारसुद्धा. पुढच्या भागाची झलक सांगताना त्यांचा स्वर सुरुवातीला गंभीर होता, आणि भागांमागून भाग तो असा चढत गेला की शेवटी शेवटी ते जवळजवळ गर्जनाच करायला लागले.

केनशिरोला तीन गुरुबंधू. त्यांतला तोकी खरा वारस व्हायचा. अणुबॉम्ब पडताना तोकी, केनशिरो आणि त्याची वाग्दत्त वधू युरिया एका तळघराच्या दाराशी पोचतात. आत पोरंच पोरं, खच्चून भरलेली. फार तर दोघं मावतील. तोकी दोघांना आत ढकलतो आणि दार बाहेरून लावून घेतो. काही दिवसांनी दार उघडतं तेव्हा तो बसलेला असतो, जिवंत, पण किरणोत्सर्गानं पोखरलेला. पुढं त्याचे केस पांढरे होतात, खोकल्यातून रक्त पडतं. उरलेलं आयुष्य तो तेच गुप्त बिंदू दाबून आजाऱ्यांना बरं करण्यात घालवतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना जपानी भाषेत हिबाकुशा म्हणतात. १९८४ मध्ये ते जपानच्या गल्लोगल्ली होते, कुणाचे आजोबा, कुणाची मावशी. तोकीला पाहताना त्या घरांत काय वाटलं असेल, याचा विचार मी हॉस्टेलवर केला नव्हता.

शत्रूंनाही इथं दुःख दिलंय. साउझर नावाचा सम्राट पोरांना राबवून पिरॅमिड बांधतो. का, तर लहानपणी डोळ्यांवर पट्टी बांधून दिलेल्या परीक्षेत त्याच्या हातून स्वतःचाच गुरू मारला गेला, आणि त्या दिवसापासून त्यानं ठरवलं की माया हवी कशाला. तो पिरॅमिड म्हणजे त्या गुरूची समाधी. केनशिरो त्याला मारतो ते वेदना न देणाऱ्या घावानं. मरताना साउझर गुरूच्या देहाशी लहान मुलासारखा बिलगतो. आणि होकुतोचं सर्वांत श्रेष्ठ तंत्र कुणाला साधतं? ज्यानं दुःख पोटात घेतलंय त्याला. सगळ्यांत बलवान असलेला थोरला भाऊ राओ यासाठीच अडून राहतो. या राओच्या मृत्यूशी पहिली मालिका संपते. तिथंच सगळं थांबायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. पुढचे ४३ भाग मी फिरून पाहिले नाहीत. राओवर लोकांचा जीव किती, तर १८ एप्रिल २००७ ला टोक्योमधल्या कोयासान पंथाच्या मंदिरात त्याचा अंत्यविधी झाला. चित्रातल्या माणसाचा! हजारो लोक रांगेत उभे होते.

आता पुन्हा त्या ताऱ्याकडे. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की ज्याला अरुंधती, ध्रुव आणि आकाशगंगा दिसत नाही, त्याचं आयुष्य सरलं असं समजावं. मालिकेत हे नेमकं उलटं केलंय, दिसली की सरलं. मामिया नावाच्या लढवय्या तरुणीला तो तारा दिसत असतो. तिच्यावर जीव असलेला रेई स्वतः मरणाच्या दारात आहे, राओच्या घावानं त्याचे मोजके दिवस उरलेत. त्याला कळतं तेव्हा तो उरलेला वेळ एकाच कामाला लावतो. मामियाचा जुना छळकर्ता युदा याला गाठतो, संपवतो, आणि मग एका घरात एकटा जाऊन दार लावून घेतो, आपलं मरण तिला दिसू नये म्हणून. त्यानंतर मामिया आकाशात बघते. सात तारे जागेवर आहेत. शेजारचा तो बारीक तारा तिला दिसत नाही.

हे पाहिलं त्या रात्री पाऊस होता, आकाश बंद. मी चैत्रापर्यंत थांबलो आणि गावाकडे गेल्यावर गच्चीवर चढलो. आधी वसिष्ठ धरला. मग नजर बाजूला नेली. ती होती तिथंच. तिच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला ऐंशीच्या वर वर्षं लागतात, म्हणजे जो माझ्या डोळ्यांत पडत होता, तो हिरोशिमावर बॉम्ब पडला त्या सुमाराला तिथून निघालेला. ताईला फोन लावला. म्हटलं, गच्चीवर जा, उत्तरेकडे बघ आणि दिसते का सांग.

नमस्कार.