ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये गरम पाणी येत नाही? बर्नर उघडण्यापूर्वी हे तपासा

नमस्कार मंडळी.

मे महिना उजाडला, की अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळाभर झाकून ठेवलेले ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडून नेण्याची फिरती घरे, बाहेर निघतात, आणि पहिल्याच मुक्कामाला अनेक कुटुंबांना एकसारखा अनुभव येतो: हीटर तासभर चालू ठेवला तरी नळाला पाणी कोमटच येते. आमच्या बाबतीत हे मिशिगनमधल्या एका स्टेट पार्कात घडले. सोबत सासूसासरे होते, पहाटे बोचरी थंडी पडत होती, आणि मी दोन संध्याकाळी बर्नर उलगडून साफ करण्यात घालवल्या. बर्नरमध्ये काहीच बिघाड नव्हता. टाकीत पाणी व्यवस्थित तापत होते. ते वाटेतच थंड पाण्यात मिसळत होते. त्या दोन संध्याकाळी तुमच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हा व्हिडिओ.

हातात पाना घेण्याआधी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधा. पाणी तापत नाही, की तापलेले पाणी पोचत नाही? हीटर अर्धा-पाऊण तास चालू ठेवा आणि मग ट्रेलरच्या आतून, म्हणजे बहुतेक वेळा पलंगाखालची किंवा कपाटातली फळी काढून, टाकीच्या वरच्या बाजूने निघणाऱ्या नळीला जपून बोट लावून पाहा. त्या वेळी कोणाला तरी गरम पाण्याचा नळ सोडायला सांगा. नळी चटका बसेल इतकी गरम असेल आणि नळाला मात्र कोमट पाणी येत असेल, तर हीटर आपले काम चोख करत आहे.

(येथे टाकीच्या मागील नळ्यांचे आणि झडपांचे दृश्य)

तापलेले पाणी बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे बायपास. हिवाळ्यात नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी रंगाचे अँटीफ्रीझ, म्हणजे सहज न गोठणारे द्रव, भरतात. ते सहा गॅलनच्या, म्हणजे सुमारे २३ लिटरच्या टाकीत वाया जाऊ नये, यासाठी टाकीला वळसा घालणारी एक आडवी नळी बसवलेली असते. काही ट्रेलरमध्ये तिच्यासाठी एकच झडप असते, काहींमध्ये दोन आणि काहींमध्ये तीन. तीन झडपा असतील, तर वापराच्या दिवसांत टाकीत जाणारी आणि टाकीतून येणारी अशा दोन्ही झडपा उघड्या आणि मधली बंद हवी. झडपेचा दांडा नळीच्या दिशेने असला तर ती उघडी, आडवा असला तर बंद. मधली झडप अर्धवट जरी उघडी राहिली, तरी थंड पाणी टाकीत न शिरता थेट गरम पाण्याच्या नळीत घुसते.

दुसरे ठिकाण कोणाच्या लक्षात येत नाही. मला तिथेच चकवा बसला. बऱ्याच ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला वाळूचे पाय धुण्यासाठी एक लहान शॉवर असतो. मुले पाय धुतात, शॉवरच्या मुठीवरचे बटण बंद करतात आणि मागचे गरम व थंड असे दोन्ही नळ उघडेच ठेवतात. बाहेर थेंबही पडत नाही, पण आत त्या दोन नळांच्या वाटेने थंड पाणी गरम नळीत सतत मिसळत राहते. हे पडताळून पाहण्याची पद्धत सोपी आहे. बायपास बंद असल्याची खात्री करा, हीटर बंद करा, टाकीत जाणाऱ्या पाण्याची झडप बंद करा आणि स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडा. थोडे पाणी येऊन धार थांबली, तर मिसळ होत नाही. धार चालूच राहिली, तर ते पाणी टाकीतले नव्हे, दुसऱ्याच कोणत्या तरी वाटेने आलेले थंड पाणी आहे. बाहेरचे दोन्ही नळ बंद करून पुन्हा पाहा. तरीही धार थांबली नाही, तर आतील शॉवरच्या, गरम व थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाकडे वळा. पाहून झाल्यावर टाकीची झडप आठवणीने उघडा.

आता खुद्द पाणीच तापत नसेल तर काय करायचे, ते पाहू. इथे आपल्या जुन्या घरांतल्या बंबाचा नियम जसाच्या तसा लागू पडतो: आत पाणी असल्याशिवाय जाळ करायचा नाही. टाकी रिकामी असताना विजेचे बटण दाबले, तर आतील एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी विजेची कांडी, काही क्षणांत जळून जाते. हंगामाच्या सुरुवातीला गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा आणि हवेचे फुत्कार थांबून सलग धार लागल्यानंतरच हीटर सुरू करा. बायपासची झडप हिवाळ्याच्याच स्थितीत राहिल्याने टाकी कोरडी असते आणि नळाला पाणी मात्र येत असते, त्यामुळे जाणत्या माणसांचीही फसगत होते.

आजकालच्या बहुतेक टाक्या गॅसवरही चालतात आणि विजेवरही. दोन्ही मार्ग एकेक करून वापरून पाहा. एका मार्गाने पाणी तापत असेल, तर शोध निम्म्यावर येतो.

वीज चालत नसेल, तर आधी आतील पॅनेलवरचा ब्रेकर पाहा. सबर्बन कंपनीच्या अनेक हीटरना आतील बटणाखेरीज बाहेरच्या झाकणामागे, खालच्या बाजूला, एक छोटे काळे बटणही असते आणि ते बंद असल्याचे अनेकांना ठाऊकच नसते. त्याच झाकणामागे रबरी टोपीखाली दोन रीसेट बटणे असतात, एक गॅससाठी आणि एक विजेसाठी. या हीटरचा थर्मोस्टॅट साधारण १३० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ५४ अंश सेल्सिअसला पाणी तापवणे थांबवतो. तो अडकला आणि पाणी १८० अंश फॅरनहाइटपर्यंत पोचले, तर ही सुरक्षा यंत्रणा पुरवठा तोडते. बटण दाबताना बारीक ‘टक्’ ऐकू आले, तर यंत्रणा उडाली होती असे समजा. पुनःपुन्हा उडत असेल, तर दाबत बसू नका, थर्मोस्टॅट बदला. एवढे करूनही पाणी तापले नाही, तर ट्रेलरची वीजजोडणी बाहेरून काढा, एलिमेंटच्या तारा सोडवा आणि मल्टिमीटर, म्हणजे विजेची मापे घेणारे यंत्र, लावा. १२० व्होल्टवर चालणाऱ्या १४४० वॉटच्या एलिमेंटचा रोध सुमारे १० ओहम भरतो. मीटरवर अनंत दिसले, तर एलिमेंट तुटले आहे. एलिमेंटचे टोक आणि टाकीचा पत्रा यांच्यात मात्र संपर्क दिसता कामा नये.

(येथे बर्नरचे जवळून दृश्य)

गॅसच्या मार्गाचे निदान कानांनी करता येते. बटण दाबल्यावर ठिणगीची टिकटिक ऐकू यायला हवी. टिकटिकच नसेल, तर दोष विजेचा आहे, कारण गॅसवर चालणाऱ्या हीटरचे सर्किट बोर्डही १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालते. बॅटरी, फ्यूज आणि बोर्डाच्या जोडणीवर चढलेला गंज या क्रमाने तपासा. टिकटिक होते पण पेट घेत नाही, तर आधी आतील शेगडी पेटवून पाहा. सिलिंडर बदलल्यानंतर नळीत हवा अडकते. शेगडी मिनिटभर जळली, की ती निघून जाते. सिलिंडर झटक्यात उघडला, तर जोडणीतील सुरक्षा झडप गळती झाल्याचे समजून प्रवाह रोखते. तो बंद करून थोडे थांबा आणि हळूहळू उघडा. शेगडी नीट पेटते, पण हीटर पेटत नाही, असे असेल, तर बर्नरची नळी काढून आत पाहा. हिवाळ्यात कोळी आणि कुंभारमाश्या तिथे घर करतात आणि एवढ्याशा जाळ्यानेही गॅस व हवा यांचे मिश्रण बिघडते. नळी साफ झाल्यावर ज्योत निळी आणि स्थिर दिसायला हवी. पिवळी लवलवणारी ज्योत आणि काजळी म्हणजे हवा कमी पडते आहे.

ज्योत पेटते आणि काही सेकंदांत विझते, या दोषासाठी लोक सरळ नवा बोर्ड मागवतात. कृपया तसे करू नका. ज्योत आहे की नाही हे बोर्डाला बर्नरजवळच्या, ठिणगी पाडणाऱ्या धातूच्या काडीवरूनच कळते. काडीवर काजळी चढली असेल, ती ज्योतीपासून दूर सरकली असेल किंवा अर्थिंगची तार सैल असेल, तर बोर्डाला ज्योत दिसत नाही आणि तो गॅस बंद करतो. बहुतेक बोर्ड तीनदा प्रयत्न करून लाल दिवा लावतात. काडी बारीक पॉलिश कागदाने पुसा, फट साधारण तीन मिलिमीटर ठेवा आणि मग बटण बंद करून पुन्हा सुरू करा. गॅसचा वास येत असेल, तर यातले काहीही न करता सिलिंडर बंद करा आणि सर्वांना बाहेर काढा.

पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, अशी तक्रारही नेहमीची. सबर्बनच्या पोलादी टाकीत गंज स्वतःवर घेणारा मॅग्नेशियमचा दांडा असतो. पाण्यातील जिवाणूंशी त्याचा संबंध आला, की हा वास सुटतो. टाकी धुऊन काढावी, दांडा तीन चतुर्थांश झिजला असेल तर बदलावा. अ‍ॅटवुड कंपनीच्या, म्हणजे २०१४ पासून डोमेटिक कंपनीकडे आलेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला असा दांडा लागत नाही. दांडा काढण्यापूर्वी हीटर आणि पाणी बंद करा, टाकी पूर्ण निवू द्या आणि गरम पाण्याचा नळ सोडून दाब उतरवा. दाब असलेल्या टाकीतून दांडा काढला, तर चटका देणारे गरम पाणी अंगावर येते.

आणि टाकीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या, जादा दाब सोडणाऱ्या सुरक्षा झडपेतून पाणी ठिबकत असेल, तर ती लगेच बदलू नका. पाणी तापले की फुगते. त्यासाठी टाकीच्या वरच्या भागात हवेची पोकळी लागते आणि ती कालांतराने नाहीशी होते. हीटर व पाणीपुरवठा बंद करा, टाकी थंड होऊ द्या, गरम पाण्याचा नळ सोडा आणि झडपेचा दांडा उचलून पाणी येणे थांबेपर्यंत धरून ठेवा. मग दांडा आपोआप बसू द्या, नळ बंद करा आणि पाणी सुरू करा. त्यानंतरही ठिबकणे चालूच राहिले, तरच नवी झडप आणा.