हम्पता खिंड: मेंढरांच्या वाटेवरचा एक दिवस

[बर्फाचा मोठा उतार, लांबून]

बर्फावर ही जी करडी-पांढरी रेघ हळूहळू वर सरकतेय ना, ती ट्रेकर्सची रांग नाहीये. मेंढरं आहेत. शेकड्यानं मेंढरं, आणि मधेमधे काळ्या दिसतायत त्या बकऱ्या. सगळ्यात मागं जो माणूस चाललाय त्याच्या पायात साधे रबरी बूट आहेत, हातात काठी, अंगात जाड लोकरीचा चोला आणि कमरेला काळ्या लोकरीचा दोर गुंडाळलाय, त्याला डोरा म्हणतात. आता चोल्यात पोटापाशी बघा, तिथून एक तोंड बाहेर आलंय. वाटेतच जन्मलेलं कोकरू आहे ते, अजून बर्फावर चालता येत नाही म्हणून मालकाच्या अंगावर बसून खिंड ओलांडतंय.

ही हिमाचलमधली हम्पता खिंड. उंची ४२७० मीटर, म्हणजे चौदा हजार फूट, आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे त्यावरून अंदाज घ्या. इकडं कुल्लूचं खोरं, पलीकडं लाहौल. दरवर्षी पुण्या-मुंबईचे, नाशिकचे, कोल्हापूरचे कितीतरी ग्रुप इथं येतात, पण ही वाट ट्रेकिंगसाठी बनलेली नाही, ती हिमाचलमधल्या गद्दी जमातीच्या मेंढपाळांची आहे, त्यांच्या पिढ्यान् पिढ्या हिच्यावरून गेल्यात आणि आपण तिच्यावर पाहुणे आहोत.

[बालू का घेरा, पहाट]

सकाळ झाली ती इथं, बालू का घेऱ्याला. नदीकाठचं सपाट वाळूचं मैदान, उंची साधारण ३६०० मीटर. उजाडायच्या आधीच निघायचं असतं आणि त्याला कारण आहे. रात्रभराच्या थंडीनं बर्फ कडक झालेला असतो, पाय वरच राहतो. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो, गुडघ्यापर्यंत पाय जातो, आणि ओढ्यांवर जे बर्फाचे पूल तयार झालेले असतात ते खालून पाणी खात असल्यामुळं दुपारनंतर भरवशाचे राहत नाहीत. शिवाय दुपारी ढग येतात. गाईड लोक सकाळी सकाळी मागं लागतात ते उगाच नाही.

आता ही खेचरं बघा. सॅक खेचरावर टाकायची सोय इथं सगळीकडं आहे, पैसे भरले की झालं. आम्ही सॅक पाठीवरच ठेवल्या, तंबू, स्लीपिंग बॅग, रेशन, सगळं. हौस म्हणून नाही. ही खेचरं मुक्कामाला जिथं थांबतात तिथंच चरतात, आणि ते गवत ह्या मेंढरांच्या वाट्याचं असतं. सीझनमध्ये रोज नवे ग्रुप, रोज नवी खेचरं, आणि कुरण तेवढंच. वर चढत असलेला कळप येऊन पोचतो तेव्हा तंबूंच्या आजूबाजूचं गवत आधीच खाऊन संपलेलं असतं. ह्या शॉटमध्ये तंबूंच्या मधली मोकळी माती दिसतेय ती तशीच झालीय.

[चढण, दगडधोंडे, मग बर्फ]

पहिले दोनेक तास दगडधोंड्यांतून, नदी उजव्या-डाव्या हाताला कुठं दिसते कुठं बर्फाखाली गडप होते. मग बर्फ सुरू. एक टप्पा संपला की वाटतं खिंड आली, तर पुढं अजून एक चढ उभा, असं तीनचारदा होतं. वर हवेत प्रत्येक श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो त्यामुळं वीस पावलं टाकायची आणि थांबायचं, दुसरा इलाज नाही.

आणि इथंच कळपानं आम्हाला गाठलं. हे सगळं फुटेज त्या तासाभरातलं आहे, कॅमेरा हातातून खाली ठेववतच नव्हता.

नीट बघा काय चाललंय. पुढं बकऱ्या आहेत. मेंढी नव्या जागी बिचकते, एक थांबली की सगळा कळप थांबतो, बकरी मात्र धीट, ती पाय टाकून बघते आणि तिच्या मागं मेंढरं जातात, म्हणून कळपात बकऱ्या ठेवतातच. ही शिट्टी ऐका, जिभेवर मारलेली, ही ‘पुढं चला’ची. आणि ही दुसरी, लांबलचक, ह्याला वरच्या बाजूची मेंढरं वळली बघा. मेंढपाळाला इथं पुहाल म्हणतात, मुख्य पुहाल मागं असतो, त्याचा जोडीदार उताराच्या बाजूनं चालतो म्हणजे घसरलेलं जनावर अडवता येतं. कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा आहे तो बिबट्यासाठी, बिबट्या पहिल्यांदा गळाच धरतो.

हे बघताना आपल्या फलटण-माणकडचे धनगर आठवल्याशिवाय राहत नाहीत. पावसाळा सरला की घाट उतरून कोकणात, शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखत शेतकऱ्याला, त्याबदल्यात धान्य-पैसा, आणि पावसाआधी परत वर. गद्दींचंही तेच, हिवाळ्यात कांगड्याच्या आणि शिवालिकच्या खालच्या टेकड्यांत, तिथंही शेतात कळप बसवतात, वसंतात वर सरकायला लागायचं, आणि जून-जुलैत खिंडी ओलांडून लाहौलच्या कुरणात. कुठल्या कुटुंबानं कुठलं कुरण वापरायचं हे ठरलेलं असतं, त्याचे वनखात्याचे परवाने असतात आणि ते बापाकडून मुलाकडं येतात. म्हणजे जे मोकळं माळरान समजून आपण तंबू ठोकतो त्याला बऱ्याचदा कुणाचं तरी नाव असतं.

नवी पोरं ह्या कामात फारशी येत नाहीत, पुहाल म्हणाले, त्यांचा मुलगा मनालीत टॅक्सी चालवतो.

[खिंडीचा माथा]

हा माथा. दगडांची रास, पताका, आणि समोर इंद्रासन शिखर, ६२२१ मीटर. आमच्यातल्या एकाचं डोकं सकाळपासून दुखत होतं, वर आल्यावर उलटी झाली, म्हणून दहा मिनिटंही न थांबता त्याला घेऊन उतरायला लागलो, खाली गेल्यावर तो बरा झाला.

आता ही फ्रेम बघा, कॅमेरा मागं वळलाय. मागं हिरवं, ढग, धुकं. आता पुढं. तपकिरी डोंगर, कोरडं, निळं आभाळ. दोन्हींच्या मधे फक्त ही खिंड. ही खिंड ज्या रांगेत आहे ती पीर पंजालची रांग मान्सूनचे ढग अडवते, बहुतेक पाऊस कुल्लूच्या बाजूला पडतो आणि लाहौल पर्जन्यछायेत राहतं, आपल्याकडं महाबळेश्वर आणि माणचं आहे तसंच. म्हणून तर मेंढरं पलीकडं जातात. पावसात भिजलेल्या मेंढीचे खूर सडतात, लाहौलमध्ये ती कोरडी राहते आणि बर्फ वितळून आलेलं गवत खाते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा सुरू झाला, ९ किलोमीटरचा, गाडीनं मनालीहून लाहौल आता साधारण तासाभरावर आलंय. हे कळप मात्र अजून वरूनच जातात, कारण वाटेवरचं गवत हाच त्यांचा खुराक आहे.

[उतार, शिया गोरू]

उतार एकदम खडा. टाचा रोवत, एकेकाला दोरी धरून. मेंढरं बघा कशी तिरकी उतरतायत, सरळ खाली एकही नाही, आम्हीही मग त्यांच्याच पायखुणांवर उतरलो आणि गुडघ्यांना खरंच आराम पडला.

शिया गोरूला, म्हणजे खिंडीपलीकडच्या मुक्कामाला, पोचायला संध्याकाळ झाली. इथली नदी दुपारनंतर फुगते, दिवसभराचं वितळलेलं पाणी उतरतं ना, म्हणून ती ओलांडायची ती पहाटे, पाणी सगळ्यात कमी असताना. कळपसुद्धा अलीकडंच थांबला. पुहालांनी सपाट दगडांवर मूठमूठ मीठ टाकलं, त्यासाठी ही झुंबड उडालीय. डावीकडची ती हिरवळ त्यांनी आम्हाला काठीनं दाखवली, मेंढरं तिथं सोडायची होती, म्हणून आम्ही तंबू खाली गोट्यांवर लावले, खुंट्या बसत नव्हत्या तर दोऱ्या दगडांना बांधल्या. उद्या ते छत्रूच्या दिशेनं उतरून चंद्रा नदीच्या खोऱ्यात जातील आणि सप्टेंबरमध्ये, थंडी लागायच्या आत, ह्याच खिंडीनं परत येतील. त्या वेळी ट्रेकचा सीझन चालूच असतो. तुम्ही जाणार असाल तर सॅक पाठीवर न्या, आणि कळप येताना दिसला तर वाटेच्या खालच्या अंगाला नको, डोंगराच्या अंगाला उभे राहा आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबा.