चारचा पी-ई आणि दहा वर्षांची सरासरी

३ मे २०२२ ला टाटा स्टीलने वर्षाचे आकडे जाहीर केले. एकत्रित, म्हणजे उपकंपन्या धरून, निव्वळ नफा ४१,७४९ कोटी रुपये, शेअरमागे ५१ रुपये लाभांश आणि वर एका शेअरचे दहा करण्याचा प्रस्ताव. त्या सुमारास शेअरचा भाव होता १,३०० च्या आसपास आणि शेअरमागचा नफा ३३० च्या वर. भागा एकाला दुसऱ्याने. पी-ई, म्हणजे भाव शेअरमागच्या नफ्याच्या किती पट ते, आला चार. निफ्टीचा, म्हणजे पन्नास बड्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, पी-ई तेव्हा विसाच्या वर होता. टाटांची कंपनी, शतकाहून जुनी, आणि चार वर्षांच्या नफ्यात सगळी विकत मिळतेय! अशा वेळी भल्याभल्यांचे हात शिवशिवतात.

भागाकार बरोबर होता. प्रश्न आहे तो भाजकाचा. ३३० रुपये हा या कंपनीचा नफा म्हणायचा की त्या वर्षाचा? २०२१ मध्ये कोविडनंतरची मागणी उसळली आणि पोलादाचे जागतिक भाव कडाडले. भारतातल्या लोहखनिजाच्या खाणी कंपनीच्या स्वतःच्या, त्यामुळे भावातली वाढ बरीचशी नफ्यात उतरली. लासलगावला एखाद्या वर्षी कांद्याला सोन्याचा भाव मिळाला, म्हणून त्या वर्षीच्या पट्टीवरून कोणी शेताची किंमत ठरवत नाही. शेअर घेताना मात्र आपण नेमकं हेच करतो, कारण वेबसाइटवर पी-ईचा आकडा तयार मिळतो आणि तो गेल्या चार तिमाह्यांचाच असतो.

यावरचा उपाय जुना आहे. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या गुंतवणुकीच्या अमेरिकी अभ्यासकांनी १९३४ मध्ये, म्हणजे महामंदीची राख अजून गरम असताना, सांगून ठेवलं की नफा एका वर्षाचा धरू नका. किमान पाच, शक्यतो सात किंवा दहा वर्षांची सरासरी घ्या, म्हणजे तेजी आणि मंदी दोन्ही हिशोबात येतात. १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेच्या सबंध बाजाराला ही रीत लावली आणि प्रत्येक वर्षाचा नफा महागाई धरून आजच्या डॉलरमध्ये आणला. याच मापाला आज शिलर पी-ई म्हणतात. शिलरना २०१३ मध्ये नोबेल मिळालं.

या मापाची कमाल २००९ मध्ये दिसली. आर्थिक संकटात अमेरिकी बँकांनी एवढे तोटे दाखवले की एस अँड पी ५०० या निर्देशांकातल्या पाचशे बड्या कंपन्यांचा मिळून वर्षाचा नफा जवळपास पुसला गेला. परिणाम असा की बाजार अर्ध्याहून खाली आलेला, लोक घाबरून विकताहेत आणि साधा पी-ई शंभराच्या पुढे. म्हणजे साधा पी-ई ओरडत होता ‘महाग, महाग’! दहा वर्षांच्या सरासरीवर तोच आकडा तेराच्या आसपास होता, अनेक वर्षांतला सर्वांत स्वस्त. नफा तळाला असताना साधा पी-ई महाग दाखवतो आणि नफा शिखरावर असताना स्वस्त. टाटा स्टीलचा चार हा याच नाण्याची दुसरी बाजू.

तर आता तो हिशोब करू. सगळे आकडे वार्षिक अहवालांतले, एकत्रित नफ्याचे, कोटी रुपयांत. २०१२-१३ मध्ये ७,०५८ तोटा. पुढच्या वर्षी ३,५९५ नफा. मग सलग तीन वर्षं तोटा: ३,९२६, ३,०४९ आणि ४,१६९. २०१७-१८ मध्ये एकदम १७,७६३ नफा. त्यानंतर ९,०९८, मग १,१७२, मग ८,१९० आणि शेवटी ते ४१,७४९. दहा वर्षांची बेरीज होते सुमारे ६३,३०० कोटी, सरासरी ६,३००. कंपनीचं बाजारमूल्य तेव्हा होतं १ लाख ६० हजार कोटींच्या घरात. म्हणजे पी-ई पंचवीस. चार नव्हे, पंचवीस!

यात अजून महागाई धरलेली नाही. ती कशाला धरायची? समजा एखाद्या कंपनीचा नफा दरवर्षी बरोबर महागाईइतकाच वाढतो आणि महागाई सहा टक्के आहे. खरं पाहता ही कंपनी जागच्या जागी उभी आहे. पण दहा वर्षांच्या आकड्यांची नुसती सरासरी काढली तर ती यंदाच्या नफ्याच्या ७८ टक्केच भरते. २०१२ चा रुपया आणि २०२२ चा रुपया आपण एकाच तागडीत टाकले ना! महागाई दोन टक्के असेल तर हीच सरासरी ९२ टक्क्यांच्या जवळ येते. अमेरिकेत गेल्या काही दशकांत बराच काळ हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा होता, आपल्याकडे नाही. कृती सोपी आहे. त्या वर्षीचा नफा घ्यायचा, आजच्या महागाई निर्देशांकाने गुणायचा, त्या वर्षीच्या निर्देशांकाने भागायचा.

टाटा स्टीलला हे लावून पाहिलं तर गंमत होते. सरासरी जागची हलत नाही, पुन्हा ६,३०० च्या आसपासच येते. महागाई धरली की जुना नफा मोठा होतो तसा जुना तोटाही मोठा होतो, आणि या कंपनीचे तोटे सगळे जुन्या वर्षांत आहेत. २०१२-१३ चे ७,०५८ कोटी २०२२ च्या रुपयांत ११ हजारांच्या वर जातात. महागाई धरली की सरासरी वाढते आणि शेअर थोडा स्वस्त दिसतो, असं सरसकट सांगितलं जातं. तोट्याची वर्षं असलेल्या कंपनीत ते खरं नसतं.

निर्देशांक कोणता, असं कोणी विचारेल. ग्राहक किंमत निर्देशांक. पोलादाची कंपनी आहे म्हणून घाऊक किमतींचा निर्देशांक घ्यावासा वाटतो, पण त्याच्या वाढीचा दर २०१५-१६ मध्ये शून्याखाली होता आणि २०२१-२२ मध्ये दोन आकडी. त्याने मोजलं तर पोलादाचीच तेजीमंदी आपण दुसऱ्या दाराने हिशोबात घेतो. आपल्याला पाहायचंय की भागधारकाच्या हाती आलेल्या नफ्यातून त्याच्या घरात काय येतं. म्हणून ग्राहक किंमतच.

आता घोळाच्या जागा. पहिली म्हणजे शेअरची संख्या. मी कोटींत हिशोब केला कारण तो सांगायला सोपा. प्रत्यक्षात शेअरमागच्या नफ्यावर करा. २०१८ मध्ये टाटा स्टीलने राइट्स इश्यू काढला, म्हणजे जुन्या भागधारकांना नवे शेअर विकले, आणि शेअर वाढले. तोट्याची वर्षं त्याआधीची, म्हणजे तेव्हा तोटा कमी शेअरांत वाटला गेला होता. तसं मोजलं की सरासरी आणखी खाली येते आणि पी-ई पंचविसाच्याही वर जातो. बोनस (फुकट दिलेले शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक करणं) तर जुळवून घ्यावेच लागतात, नाहीतर २०२२ नंतरचा शेअरमागचा नफा दहापटीने घसरल्यासारखा दिसेल.

दुसरी जागा, एकल (फक्त मूळ कंपनीचा) आणि एकत्रित नफा. टाटा स्टीलची दुखणी युरोपातली, २००७ मध्ये कोरस ही युरोपातली पोलाद कंपनी विकत घेतल्यापासूनची. भारतातल्या कारखान्यांपुरता एकल ताळेबंद पाहिलात तर ही दहा वर्षं फारच गोंडस दिसतील. याला हलकं समजू नका. ३१ मार्च २०२१ पर्यंत खुद्द निफ्टीचा पी-ई एकल नफ्यावर निघायचा. त्या दिवसापासून तो एकत्रित नफ्यावर काढायला लागले आणि एका रात्रीत ४० च्या वरून ३३ वर आला. बाजार होता तिथेच होता.

तिसरी जागा सर्वांत वादाची, एकवेळचे जमाखर्च. २०१७-१८ च्या १७,७६३ कोटींत मोठा वाटा ब्रिटनमधल्या पेन्शन योजनेच्या फेररचनेतून आलेल्या लाभाचा होता. तो काढून टाका, असं बरेचजण म्हणतील. ठीक आहे, पण मग २०१२-१३ च्या तोट्यात प्रामुख्याने युरोपातल्या मालमत्तेची किंमत कमी करून लिहिल्याचा भाग आहे, तोही काढायचा? काढलात तर कोरससाठी मोजलेली जादा किंमत नफ्याच्या हिशोबात कुठेच उमटत नाही. माझं मत विचाराल तर लाभ काढावा आणि तोटा ठेवावा. अन्याय वाटेल, पण दहा वर्षांत एकदा येणारा ‘अपवादात्मक’ तोटा हा या धंद्याचा नेहमीचाच खर्च आहे.

आणि चौथी, दहाच का? सातच वर्षं धरून पाहा. २०१५-१६ पासून मोजलं तर तोट्याची दोनच वर्षं उरतात, सरासरी दहा हजार कोटींच्या वर जाते आणि पी-ई सोळावर येतो. तीन वर्षं मागेपुढे केली की पंचवीसचे सोळा! सावध गुंतवणूकदाराने सात वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पंचवीस पटीहून जास्त किंमत देऊ नये, अशी ग्रॅहम यांची एक मर्यादा होती. त्यात हा शेअर आरामात बसतो. पण त्याच गुंतवणूकदारासाठी त्यांची दुसरीही अट होती की मागच्या दहा वर्षांत एकही वर्ष तोट्याचं नसावं. इथे चार वर्षं तोट्याची. सरासरी तेजीमंदी समतल करते, पण तोट्याची वर्षं झाकते, म्हणून ही दुसरी अट मला पहिलीपेक्षा जास्त कामाची वाटते.

ज्या कंपनीचा नफा दरसाल वीस टक्क्यांनी वाढत आलाय, तिला ही रीत लावू नका. तिथे महागाई धरूनही दहा वर्षांची सरासरी यंदाच्या नफ्याच्या साठ टक्क्यांपर्यंतच जाते आणि प्रत्येक चांगली कंपनी कायम महाग दिसते. पोलाद, साखर, सिमेंट, जहाजवाहतूक, रसायनं, जिथे भाव आपल्या हातात नसतो, तिथलं हे हत्यार आहे.

पुढे काय झालं, हे विचाराल. २१ मे २०२२ ला सरकारने पोलादाच्या निर्यातीवर पंधरा टक्के शुल्क जाहीर केलं आणि जूनअखेर शेअरचा भाव ९०० च्या खाली आला. पुढच्या वर्षी नफा ८,०७५ कोटींवर आला आणि २०२३-२४ मध्ये ४,९१० कोटींचा तोटा. सरासरीचा अंदाज खरा ठरला. पण थांबा. त्याच तोट्याच्या वर्षानंतर, २०२४ च्या उन्हाळ्यात, स्प्लिट धरून हा शेअर मे २०२२ च्या भावाच्या बराच वर होता. शिलर यांचंही तेच झालं होतं. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हला बाजार महाग झाल्याचं सांगितलं, आणि बाजार त्यानंतर तीन वर्षं वर जात राहिला. कधी घ्यायचं आणि कधी विकायचं हे या आकड्यात नाही.

हा हिशोब घरी करणार असाल तर एक गोष्ट दरवर्षी तपासा, आलेल्या वर्षाबरोबर गेलेलं वर्षही. २०२२-२३ चा अहवाल आला तेव्हा २०१२-१३ चा ७,०५८ कोटींचा तोटा दहा वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडला आणि सरासरी ६,३०० वरून ७,८०० च्या वर गेली. त्या दीड हजारांच्या वाढीतला जवळपास निम्मा वाटा निव्वळ जुना तोटा गळाल्याचा होता. याच्या उलट, ४१,७४९ कोटींचं ते वर्ष २०३०-३१ पर्यंत खिडकीत बसून राहणार आहे. तोवर टाटा स्टीलची जी काही सरासरी काढाल, त्यात दरसाल चार हजार कोटींच्या वर, तेही महागाई न धरता, त्या एकाच वर्षाचे असतील.